देशप्रेमाचा दाखला नको, नोकरीच्या अटी सांगा

दर दोन-तीन वर्षांनी एक बातमी हमखास येते, लष्करात अधिकाऱ्यांची टंचाई. २०२३ मध्ये सरकारने संसदेत सांगितलं की एकट्या आर्मीत आठ हजारांहून जास्त ऑफिसर कमी आहेत. बातमी आली की लोक लगेच सुरू होतात, आजकालच्या पोरांना पॅकेज पाहिजे, एसी ऑफिस पाहिजे, देशासाठी काही करायची तयारीच राहिली नाही वगैरे वगैरे. आणि हे बोलणाऱ्यांच्या स्वतःच्या घरातून बहुतेक वेळा कोणी एनसीसीच्या परेडलाही गेलेलं नसतं. असो.

मला हे पटत नाही. सीडीएसला, म्हणजे डिग्रीनंतर लष्करात ऑफिसर व्हायच्या परीक्षेला, दरवेळी लाखांनी फॉर्म येतात, तेव्हा पोरांना यायचंच नाही असं कसं म्हणणार? टंचाईची कारणं बरीच आहेत, निवड कडक आहे (ती तशीच राहावी, त्यात दुमत नाही), ॲकॅडमीत एका वेळी किती जण घेता येतात त्याला मर्यादा आहे, कोविडच्या काळात भरती कमी झाली. पण एक गोष्ट कोणी बोलत नाही ती ही, की डिग्री झालेल्या बावीस वर्षांच्या पोराला आपण जे काही देऊ करतोय ते नक्की काय आहे हे त्याला सरळ शब्दांत कोणीच सांगत नाही. सरकार सांगत नाही, कॉलेज सांगत नाही, घरचे तर नाहीच नाही. देशसेवा हा शब्द एकदा मध्ये आणला की पुढचे सगळे प्रश्न विचारणं म्हणजे जणू पाप. पगार किती, किती वर्षं, पेन्शन आहे का, ट्रेनिंगमध्ये पाय मोडला तर काय, नाही निवडलं तर का नाही निवडलं. हे प्रश्न कुठल्याही नोकरीत माणूस विचारतो. इथे विचारले की समोरचा म्हणतो, तुला मग आर्मीत जायचंच नाहीये.

आधी मुळात हा रस्ता कळतो किती जणांना ते बघू. मी एका डिग्री कॉलेजात शिकवतो, तालुक्याच्या ठिकाणी, आणि आमच्याकडे तिसऱ्या वर्षातल्या कुणालाही विचारा, एमपीएससीचं सगळं पाठ असतं, कम्बाइन कधी, राज्यसेवेचा पॅटर्न कसा बदलला, कुठल्या क्लासचे कुठले सर चांगले. पोलीस भरतीचं माहीत असतं, अग्निवीरचं माहीत असतं, पहाटे रोडला पळणारी पोरं रोज दिसतात. सीडीएस म्हटलं की दहातले आठ जण म्हणतात, ते एनडीएचं ना, बारावीनंतरचं? नाही. ते वेगळं. सीडीएस यूपीएससी घेते, वर्षातून दोनदा, साधारण एप्रिलला आणि सप्टेंबरला. डेहराडूनच्या आयएमएला आणि चेन्नईच्या ओटीएला कुठलीही डिग्री चालते, बीए मराठी असलं तरी चालतं (हे सांगितलं की मुलं हमखास परत एकदा विचारतात, खरंच का सर). नेव्हीला इंजिनिअरिंग लागतं, एअर फोर्सला बारावीचं फिजिक्स-मॅथ्स किंवा इंजिनिअरिंग. ओटीएसाठी तर गणिताचा पेपरसुद्धा नाही, इंग्रजी आणि जीके एवढे दोनच पेपर. याशिवाय एअर फोर्सची एफकॅट ही वेगळी परीक्षा आहे, इंजिनिअर लोकांना टेक्निकल एन्ट्री आहे, लॉ केलेल्यांना जॅग, म्हणजे लष्कराची कायदा शाखा आहे, आणि एनसीसीचं सी सर्टिफिकेट बी किंवा त्याच्या वरच्या ग्रेडचं असेल आणि डिग्रीला पन्नास टक्के असतील तर लेखी परीक्षाच नाही, शॉर्टलिस्ट झालात की थेट एसएसबी, म्हणजे ऑफिसर निवडायची पाच दिवसांची मुलाखत. आमच्याकडे एनसीसी घेणारी पोरं पोलीस भरतीत त्या सर्टिफिकेटचे मार्क मिळतील म्हणून घेतात. तेच सर्टिफिकेट एसएसबीच्या दारात नेऊन उभं करतं हे त्यांच्या गावीही नसतं.

आणि इथे उशिरा कळून चालत नाही. एमपीएससीला ओपनच्या मुलाला ३८ पर्यंत वेळ असतो, त्यामुळे पहिली दोन-तीन वर्षं नुसती पुस्तकं गोळा करण्यात गेली तरी फार बिघडत नाही. सीडीएसचा दरवाजा आयएमएसाठी २४ ला आणि ओटीएसाठी २५ ला बंद होतो. आरक्षण नाही, कुठल्याच कॅटेगरीला वयात सूट नाही. म्हणजे एकवीस-बावीसला डिग्री हातात आली आणि तेवीसला कोणाकडून तरी कळलं तर झालं, एखाद-दोन अटेम्प्ट, विषय संपला. शहरातल्या, कॅन्टोन्मेंटजवळ वाढलेल्या किंवा बाप-काका फौजेत असलेल्या पोराला हे सगळं सातवी-आठवीतच माहीत असतं. त्याच्यात काही खास असतं म्हणून नाही, घरात जेवताना विषय निघतो म्हणून.

महाराष्ट्राचं तर यात फारच विचित्र आहे. एनडीए आपल्या खडकवासल्याला. देशातली पहिली सैनिक स्कूल साताऱ्याची, १९६१ सालची. सातारा जिल्ह्यात अपशिंगेसारखं गाव आहे, ज्याला लोक मिलिटरी अपशिंगेच म्हणतात, पिढ्यान्पिढ्या घराघरातून माणूस फौजेत. जनरल बेवूर, जनरल अरुणकुमार वैद्य, अलीकडे जनरल नरवणे, असे मराठी लष्करप्रमुख झाले. तरी पश्चिम महाराष्ट्रातल्या एखाद्या माजी सुभेदाराच्या पोराला विचारलं की काय करणार, तर तो म्हणतो भरती मारणार. बापाने तीस वर्षं ऑफिसरला सॅल्यूट ठोकला, पोराने त्या खुर्चीत बसायचा विचार करायला काय हरकत आहे? काही जण करतात, आणि त्यातले होतातही, आयएमएच्या पासिंग आऊट परेडच्या बातम्यांत जवानांची, हवालदारांची पोरं दरवेळी दिसतात. पण ज्याच्या बापाच्या युनिटमधला एखादा साहेब म्हणाला असेल की याला सीडीएसला बसव, तो बसतो. बाकीच्यांचं नशीब.

सरकार काहीच करत नाही असंही नाही. छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून एसपीआय ही सरकारी संस्था आहे, ती बारावीच्या मुलांना एनडीएसाठी तयार करते. आणि नाशिक रोडला राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे सीडीएसची आणि एसएसबीची तयारी करून घेतात, राहणं, जेवण, शिकवणं सगळं फुकट. फुकट! खाजगी अकॅडम्या याच कामाचे किती घेतात ते कोणालाही विचारा. पण या केंद्राची माहिती येते कशी, तर जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याचं आवाहन म्हणून पेपरच्या जिल्हा पानावर खालच्या कोपऱ्यात चार ओळी, अमुक तारखेपूर्वी मुलाखतीस हजर राहावे. ज्या वयाच्या मुलांसाठी ते आहे ती मुलं पेपर वाचतच नाहीत हे तिथे कोणाच्या लक्षात येत नसेल का? कॉलेजच्या प्लेसमेंट सेलवाल्यांना विचारलं तर ते म्हणतात आम्ही कंपन्या आणतो, ही काय कंपनी आहे का.

आता भाषेचा मुद्दा, कारण तो निघतोच. सीडीएसचे पेपर हिंदी आणि इंग्रजीत असतात, इंग्रजीचा एक आख्खा पेपर असतो. २०२४ पासून केंद्रीय पोलीस दलांची कॉन्स्टेबलची परीक्षा मराठीसकट तेरा प्रादेशिक भाषांत व्हायला लागली, मग सीडीएस का नाही, असं बरेच जण म्हणतात. जीके आणि गणिताचा पेपर मराठीत आला तर मला आनंदच आहे, पण खरं सांगू, त्याने फार फरक पडणार नाही. मराठी मिडियमचा पोरगा लेखी परीक्षा घासून घासून काढतो. तो अडकतो एसएसबीला.

एसएसबी म्हणजे पाच दिवस. प्रयागराज, भोपाळ, बेंगळुरू अशा ठिकाणी जायचं, छातीवर नंबर लावायचा, पाच दिवस त्या नंबरानेच ओळखायचं. पहिल्या दिवशी स्क्रीनिंग. त्यात पीपीडीटी नावाचा प्रकार असतो, पडद्यावर तीस सेकंद एक धूसर चित्र दाखवतात, इतकं धूसर की माणूस उभा आहे की वाकलाय तेही नीट कळत नाही, मग चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची, मग बारा-पंधरा जणांनी गोल बसून आपापली गोष्ट एकेका मिनिटात सांगायची आणि शेवटी सगळ्यांनी चर्चा करून एक कॉमन गोष्ट ठरवायची. चर्चा कसली, मासळी बाजार असतो तो. एक जण बोलायला लागला की चार जण त्याच्यावर चढतात, सगळे फाडफाड इंग्रजीत, त्यात दोघं-तिघं कोचिंग लावून आलेले असतात, ते मध्येच फ्रेंड्स, फ्रेंड्स, लेट अस कन्क्लुड असं म्हणून पुढारी व्हायला बघतात. माझा एक विद्यार्थी, बीएस्सीचा, शेतकऱ्याचा मुलगा, डोकं अतिशय शांत, कॉलेजच्या कॅम्पला पूर आला तेव्हा रात्रभर त्याने शंभर पोरांची सोय लावली होती. त्याने गोष्ट छान लिहिली, सांगितलीही बरी. चर्चेत मात्र मराठीत विचार करून त्याचं इंग्रजी होईपर्यंत दुसरा कोणी तरी बोलून गेलेला असायचा. दुपारी नंबर वाचले, त्यात त्याचा नव्हता, संध्याकाळच्या गाडीने परत. स्क्रीन आऊट.

आता यात मला गंमत वाटते ती अशी. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीत जो ऑफिसर जातो तो तमिळ असू शकतो, पंजाबी असू शकतो, मणिपूरचा असू शकतो. त्याला जवानांची भाषा शिकावी लागते, आणि तो शिकतो, आणि पुढे तोच अस्खलित मराठीत पोरांना झापतो. म्हणजे माणूस चांगला असेल तर भाषा नंतर शिकवता येते, हे आर्मी स्वतःच मानते, रोज करून दाखवते. मग हाच न्याय सिलेक्शनच्या पहिल्या दिवशीच्या त्या गोंगाटाला का नाही? इंग्रजी लागणारच, कागदपत्रं इंग्रजीत, कोर्सेस इंग्रजीत, ते कोणी नाकारत नाही. पण ट्रेनिंगच्या वर्षभरात मोडकं इंग्रजी सुधारतं, मोडका स्वभाव सुधारत नाही. एसएसबीवाले म्हणतील की आम्ही इंग्रजी बघतच नाही, माणूस बघतो. मानलं. पण माणूस दिसायला तो आधी बोलू शकला पाहिजे.

पुढचे चार दिवस मात्र, मला प्रामाणिकपणे वाटतं, आपल्या देशातल्या सगळ्यात स्वच्छ मुलाखतीपैकी आहेत. ही पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, ब्रिटिशांनी सुरू केलेली, आपल्याकडे १९४३ पासून. तीन वेगवेगळे लोक तीन बाजूंनी बघतात. सायकॉलॉजिस्ट फक्त तुम्ही लिहिलेलं वाचतो, बारा चित्रांवरच्या गोष्टी, पंधरा-पंधरा सेकंदांत साठ शब्दांवर साठ वाक्यं, अर्ध्या तासात साठ प्रसंग. तो तुम्हाला भेटतसुद्धा नाही. जीटीओ, म्हणजे गटाची परीक्षा घेणारा ऑफिसर, मैदानावर फळी, दोर आणि बल्ली देऊन अडथळे पार करायला लावतो. इंटरव्ह्यू घेणारा घरचं-दारचं सगळं विचारतो. तिघं शेवटच्या दिवसाच्या कॉन्फरन्सपर्यंत एकमेकांशी बोलत नाहीत, मनसा, वाचा, कर्मणा तिन्ही जुळतंय का ते तेव्हा बघतात. वशिला चालत नाही, आमदाराचं पत्र चालत नाही, बाप जनरल असला तरी पोरं पडतात. हे सगळं मला मनापासून आवडतं.

आणि मग एवढं सगळं करून शेवटी काय, तर नंबर वाचतात, ज्यांचे वाचले ते थांबतात, बाकीच्यांना बस स्टेशनवर सोडते. का नाही घेतलं? उत्तर नाही. पाच दिवस तीन अनुभवी माणसांनी पंधरा ठरलेल्या गुणांवर तुमचा कीस काढला, फाइल भरली, आणि त्या फाइलमधली एक ओळसुद्धा तुम्हाला मिळत नाही. पोरगं घरी येतं तेव्हा शेजारचे विचारतात काय झालं, तो म्हणतो नाही झालं, ते म्हणतात का, आणि याला स्वतःलाच माहीत नसतं. गणितात नापास झालेल्याला निदान कळतं की गणित कच्चं आहे. इथे तुझं व्यक्तिमत्त्वच बसत नाही एवढाच निरोप मिळतो, आणि बावीस वर्षांच्या पोराने तो निरोप घेऊन करायचं काय.

यावर लष्करातल्या लोकांचं उत्तर ठरलेलं आहे आणि ते अगदीच टाकाऊ नाही. ते म्हणतात, कारण सांगितलं की पोरं तेवढंच रंगवून येतील, कोचिंगवाले त्यावर धंदा करतील, खरा माणूस दिसणारच नाही. ठीक आहे. पण गेली कित्येक वर्षं कारण सांगत नाही, तर कोचिंगचा धंदा थांबलाय का? उलट त्याच गप्प बसण्यावर तो उभा आहे. अधिकृत कोणी काही बोलत नाही म्हटल्यावर यूट्यूबवर प्रत्येक जण सांगतो की तू या कारणाने पडलास, तुझ्या गोष्टीत हिरो कमी पडला, तुझ्या साठ वाक्यांत निगेटिव्ह शब्द होते. मग पोरं पाठ केलेल्या गोष्टी लिहितात, प्रत्येक गोष्टीत एक गावातला होतकरू तरुण असतो, तो गावकऱ्यांना एकत्र करतो आणि ट्रॅफिकची नाहीतर पाण्याची समस्या सोडवतो. हे वाचून सायकॉलॉजिस्टला काय दिसत असेल देव जाणे. शिवाय रिपीटर लोकांना परत येऊ देतातच की, वयात बसत असेल तोवर कितीही वेळा या म्हणतात, आणि चार-पाच वेळा कॉन्फरन्स आऊट झालेले, म्हणजे शेवटच्या दिवशी बाहेर पडलेले, पुढच्या वेळी रेकमेंड होतात, म्हणजे निवडले जातात, असं दरवर्षी घडतं. म्हणजे माणूस बदलू शकतो हे मान्य आहे. मग काय बदलायला हवं याचा एक मोघम इशारा द्यायला काय जातं? गुणांची फोड नको, सायकॉलॉजिस्टचा शेरा नको. तिघांपैकी कुठल्या भागात कमी पडलास आणि परत यावंस की यात वेळ घालवू नयेस, दोन ओळी. बास. ज्याला खरंच हे जमणार नाही त्याची दोन-तीन वर्षं वाचतील, हाही फायदाच.

रेकमेंड झालात म्हणजे झालात असंही नाही. मग मिलिटरी हॉस्पिटलला मेडिकल, तिथे कान, डोळे, गुडघे, दात, वजन, आणि त्यातूनही पार पडलात तर मेरिट लिस्ट. पाच दिवस टिकला, मेडिकल फिट झाला, आणि मेरिट आऊट, अशी पोरं मी बघितली आहेत. त्यांना तर समजूतही घालता येत नाही. जागा तेवढ्याच म्हटल्यावर कोणी तरी बाहेर राहणारच, ते सोडून देऊ.

मी ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते पुढे आहे, म्हणजे निवड झाल्यावरच्या अटी. ॲकॅडमीत गेल्यावर तुम्ही ऑफिसर नसता, कॅडेट असता. स्टायपेंड महिना ५६,१०० मिळतो, तो चांगला आहे. ट्रेनिंग आयएमएला दीड वर्षाचं, ओटीएला ४९ आठवड्यांचं. आणि ते ट्रेनिंग खरोखरचं असतं, लोक पडतात, हाडं मोडतात, काहींच्या मणक्याला लागतं, कोमात गेलेलेही आहेत. खांद्यावर स्टार लागायच्या आधी कायमचं अपंगत्व आलं आणि मेडिकल बोर्डाने घरी पाठवलं तर तो मुलगा माजी सैनिक धरला जात नाही, कारण तो कधी कमिशन झालाच नव्हता, म्हणजे ऑफिसर म्हणून नेमलाच गेला नव्हता. पेन्शन म्हणत नाहीत, एक्स ग्रेशिया म्हणतात, म्हणजे कृपा म्हणून दिलेली रक्कम, आणि ती अपंगत्वाच्या टक्क्यांप्रमाणे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने या मुलांचा विषय स्वतःहून हातात घेतला तेव्हा कुठे देशाला कळलं की अशी शेकडो मुलं वर्षानुवर्षं आपापल्या घरात आई-वडिलांच्या जिवावर पडून आहेत. कोर्टाला स्वतःहून घ्यावं लागलं. आपण, म्हणजे दर पंधरा ऑगस्टला स्टेटस टाकणारे, कुठे होतो?

आता याची दुसरी बाजू बघा. तोच कॅडेट ट्रेनिंगमध्ये म्हणाला की मला हे जमत नाही, मी जातो, तर त्याच्याकडून ट्रेनिंगचा खर्च वसूल करायचा नियम आहे. म्हणजे तो सोडून गेला तर पैशांचा चोख हिशेब, आणि ट्रेनिंगनेच त्याला मोडलं तर कृपा. फौज ही नोकरी नाही सेवा आहे असं म्हणणाऱ्यांनी हे दोन नियम शेजारी शेजारी ठेवून बघावेत. हिशेब होतोच आहे, फक्त एका बाजूने होतोय.

दुसरी अट शॉर्ट सर्व्हिसची. आयएमएतून निघालेल्याला पर्मनंट कमिशन मिळतं, ओटीएतून निघालेल्या ऑफिसरला मात्र दहा वर्षांचं, पुढे चार वर्षं वाढवता येतं, किंवा पर्मनंटसाठी विचार होतो, पण ते सगळ्यांनाच मिळत नाही. ऑफिसरला पेन्शन बसायला वीस वर्षं लागतात. म्हणजे चोविसाव्या वर्षी लेफ्टनंट झालेला माणूस चौतिसाव्या, फार तर अडतिसाव्या वर्षी बाहेर, ग्रॅच्युइटी घेऊन, पेन्शन नाही. आणि ही काही बाजूची किरकोळ एन्ट्री नाही. अलीकडच्या सीडीएसच्या जाहिराती काढून बघा, आयएमएच्या जागा शंभर असतात आणि ओटीएच्या पुरुषांच्या अडीचशेच्या वर. म्हणजे सीडीएसमधून आर्मीत जाणाऱ्या बहुतेकांचा रस्ता हा दहा वर्षांचाच आहे. यामागे लष्कराचं कारण रास्त आहे, लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर भरपूर लागतात, कर्नल थोडे लागतात, वरती जागा नाहीत, म्हणून खाली तरुण लोक यावेत आणि निघावेत. कळतं.

मी शॉर्ट सर्व्हिसच्या विरोधात अजिबात नाही, उलट मला तर वाटतं की बावीस-तेविसाव्या वर्षी पहिली नोकरी म्हणून याच्याइतकं चांगलं फार थोडं आहे. लेव्हल दहाचा पगार, वर १५,५०० मिलिटरी सर्व्हिस पे, पंचविसाव्या वर्षी तीस-चाळीस माणसांची जबाबदारी, जी कंपनीत चाळिशीतही मिळत नाही. बाहेर पडताना आयआयएममधले कोर्स करायची सोय असते, यूपीएससीच्या सिव्हिल सर्व्हिसला वयात पाच वर्षांची सूट मिळते. एमपीएससीच्या अभ्यासिकेत पुण्याला तीच दहा वर्षं काढून रिकाम्या हाताने गावाला परतलेली पोरं मी बघितली आहेत, त्यापेक्षा हे हजार पटीने बरं. पण हे त्याला आत जाण्याआधी माहीत पाहिजे ना. पस्तिसाव्या वर्षी, दोन लहान मुलं असताना, होम लोन चालू असताना दुसरं करिअर सुरू करायचंय हे माहीत असलेला माणूस पहिल्या दिवसापासून त्याची तयारी करतो. आणि जाहिरातीत काय दिसतं, तर बर्फ, रणगाडा, पांढरे ग्लव्हज आणि ढोल. दहा वर्षांनंतरचा माणूस त्या जाहिरातीत कुठेच नसतो.

मुलींसाठी तर हा प्रश्न दुप्पट. १९९२ पासून त्या या शॉर्ट सर्व्हिसने येतात आणि बहुतेक शाखांत पर्मनंट कमिशन मिळायला २०२० च्या फेब्रुवारीतला सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला, म्हणजे अठ्ठावीस वर्षं. त्या निकालापर्यंत कित्येक जणी दहा-चौदा वर्षं काढून घरी गेल्या होत्या. एनडीएचं दारही कोर्टानेच २०२१ मध्ये उघडलं आणि २०२५ च्या मे महिन्यात सतरा मुलींची पहिली बॅच बाहेर पडली. सीडीएसमधून ओटीएला मुलींच्या जागा अजूनही दरवेळी सतरा-अठराच्या आसपास असतात, देशभरातून. त्यात अविवाहित असण्याची अट, ट्रेनिंगमध्ये लग्न करता येत नाही. आमच्याकडे बीए झालेल्या मुलीला स्थळं यायला लागलेली असतात, ती आईला म्हणते एक वर्ष थांबा, आई म्हणते कशासाठी थांबू, नक्की होणार आहे का तुझं? आणि तिच्याकडे उत्तर नसतं. लेखीचा निकाल, मग एसएसबीची तारीख, मग मेडिकल, मग मेरिट, फॉर्म भरल्यापासून ॲकॅडमीत पाऊल ठेवेपर्यंत वर्ष सहज जातं. मुलग्याला ते वर्ष मिळतं, मुलीला भांडून घ्यावं लागतं. कुठल्या टप्प्याला किती महिने लागतात हे तारखेसकट छापून दिलं तर निदान तिला भांडताना हातात कागद असेल.

कोणी म्हणेल, इतके हिशेब करणारा माणूस गोळ्या कशाला झेलेल. हा आक्षेप मला नेहमी जरा उथळ वाटतो. एसएसबीच्या इंटरव्ह्यूत का यायचंय आर्मीत असं विचारलं की नव्वद टक्के पोरं देशसेवा म्हणतात, कारण तसं शिकवलेलं असतं, आणि समोरच्या कर्नलने ते सकाळपासून दहा वेळा ऐकलेलं असतं. खरं कारण बरंच साधं असतं. घरची परिस्थिती बेताची आहे, पगार चांगला आहे, मैदानावर बरं वाटतं, ऑफिसात बसवत नाही, गावात मान आहे. यात लाजण्यासारखं काय आहे? याच कारणांनी आपल्याकडचे लोक पिढ्यान्पिढ्या फौजेत गेले आणि वेळ आली तेव्हा मागे हटले नाहीत. अटी वाचून सही करणारा माणूस कमी शूर असतो याला कुठलाच पुरावा नाही. उलट जो प्लॅटूनला घेऊन जाताना रसद किती, अंतर किती, परतीचा रस्ता कुठला हे विचारत नाही, त्याच्या मागे जायला मी तरी तयार होणार नाही.

हे सगळं कुठे येऊन ठरतं ते सांगतो. सीडीएसच्या फॉर्ममध्ये प्रेफरन्स भरायचे असतात, आयएमए, नेव्हल ॲकॅडमी, एअर फोर्स ॲकॅडमी, ओटीए, कुठलं आधी आणि कुठलं नंतर. तालुक्याच्या सायबर कॅफेत शेवटच्या तारखेला रांग असते, सर्व्हर डाऊन असतो, फॉर्म भरून देणारा दादा विचारतो काय टाकू, पोरगा म्हणतो टाका सगळे, आणि दादा ओळीने टाकून मोकळा होतो. पर्मनंट कमिशन की दहा वर्षं, पेन्शन की ग्रॅच्युइटी, हा निर्णय तिथे त्या अर्ध्या मिनिटात होतो, आणि तो आपण घेतला हे त्या पोराला माहीतही नसतं. नोटिफिकेशनमध्ये कुठे तरी लिहिलेलं असतं, आहे, मान्य, पण ते सरकारी इंग्रजीत, कितव्या तरी पानावर, परिशिष्टात. तेच त्या रकान्याच्या शेजारी मराठीत आणि बाकी भाषांत चार ओळींत लिहिता येतं, ओटीए म्हणजे दहा वर्षं, वाढवली तर चौदा, पर्मनंट न मिळाल्यास पेन्शन नाही, कमिशनच्या आधी जखमी झालात तर हे मिळेल आणि हे मिळणार नाही, स्वतःहून सोडलंत तर खर्च भरावा लागेल. यूपीएससीला यासाठी कायदा बदलावा लागत नाही, वेबसाइटचं एक पान बदलावं लागतं. आणि ते होईपर्यंत कॉलेजातल्या आम्ही मास्तर लोकांनी तिसऱ्या वर्षाच्या पोरांना फॉर्म सुटायच्या आधी, म्हणजे डिसेंबरात आणि मे-जूनमध्ये, एक तास समोर बसवून हा रकाना समजावून सांगायला कोणाची परवानगी लागत नाही.